दिवाळीचा हिशोब मुलांना सोबत घेऊन कसा मांडायचा

गणपती उठले की आमच्याकडे दिवाळीची वही निघते. साधी शंभर पानी वही, गेली चार वर्षं तीच चालू आहे, आणि आता ती माझी कमी आणि मुलांची जास्त झालीये. मुलगी पंधराची, मुलगा दहाचा. बऱ्याच जणी विचारतात की मुलांना पैशाचं कसं शिकवायचं, काही क्लास आहे का, ॲप आहे का, आणि मला अगदी मनापासून वाटतं की दिवाळीच्या आधीचा दीड महिना हाच तो क्लास आहे, कारण एरवी घरातला पैसा मुलांना दिसतच नाही, पगार मोबाईलमध्ये येतो आणि मोबाईलमधूनच जातो, दिवाळीत मात्र तो पिशव्या, डबे, खोकी होऊन दारातून आत येतो. तर आम्ही काय काय करतो ते लिहिते, तुमच्या घराप्रमाणे कमीजास्त करा.

पहिलं काम म्हणजे गेल्या वर्षीचा खरा आकडा काढायचा. अंदाज नको, खरा. बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्ट्री काढायची, दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतची, आणि हे काम मोठ्या मुलाला किंवा मुलीला द्यायचं. आम्ही पहिल्या वर्षी केलं तेव्हा आम्हा दोघांना वाटत होतं पंचवीस हजार गेले असतील, लेकीने बेरीज करून सांगितलं एकेचाळीस. टीव्ही नाही सोनं नाही तरी एकेचाळीस. मोठ्या वस्तू सगळ्यांच्या लक्षात राहतात, वरचे सोळा हजार गेले होते ते भेटींचे बॉक्स, ऐन वेळी आणलेली मिठाई, रिक्षा, कामवाल्या ताई-वॉचमन-कचरेवाले दादा यांची पोस्त आणि गावी जायचं खासगी बसचं भाडं असल्या गोष्टींत. मग वहीत खाती पाडली: फराळ, कपडे, प्रवास, ओवाळणी नि भेटी, पोस्त, कंदील-पणत्या-फटाके, सोनं, मोठी वस्तू. पोस्तीचं खातं आम्ही सगळ्यात आधी भरतो आणि त्याला कात्री लावत नाही, मुलांनाही ते माहीत आहे, कारण त्या माणसांच्या घरी पण दिवाळी आहे आणि आपल्या पोस्तीवर त्यांचं एखादं खातं अवलंबून असतं.

प्रवासाचं तारखेवरच ठरतं. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. म्हणजे दिवाळीचं तिकीट गणपती यायच्या आसपासच काढावं लागतं, तेव्हा डोक्यात मोदक असतात आणि दिवाळी कोणाच्याच मनात नसते. कॅलेंडरवर खूण करायचं काम आमच्या धाकट्याकडे आहे, तो विसरत नाही.

आणि दिवाळी महिन्याच्या कुठल्या तारखेला येते तेही बघा, याकडे कोणी लक्ष देत नाही. २०२५ ला दिवाळी ऑक्टोबरच्या विशीत होती, २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. पगार एक ते सात तारखेला होतो, म्हणजे पगार हातात पडल्या पडल्या दिवाळी, आणि मग पुढचे वीस-बावीस दिवस दूध, भाजी, हप्ता, ट्यूशनची फी सगळं उरल्यासुरल्यावर. अशा वर्षी महिन्याचे ठरलेले खर्च पगार झाला त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकून ठेवायचे. बोनसचं एकच सांगते, खात्यात जमा झाल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के आहे, म्हणजे बारावा हिस्सा, पण तो सगळ्यांना लागू नसतो आणि हिशोबाला पगाराची मर्यादा असते, त्यामुळे पूर्ण एक पगार मिळणार असं धरून चालू नका.

मुलांना पगार सांगायचा का? मी पंधरा वर्षांच्या लेकीला आकडा सांगितलाय. धाकट्याला आकडा नाही सांगत, वाटे सांगते. एकदा एक रुपयाची शंभर नाणी आणली, जमिनीवर पसरली आणि म्हटलं हा बाबांचा आणि माझा मिळून पगार, आता बघ. घराच्या हप्त्याचे ३४ बाजूला केले, किराणा-दूध-भाजीचे २२, शाळा नि ट्यूशनचे १५, लोकल-रिक्षा-पेट्रोल ७, वीज-गॅस-मोबाईल ५, आजीची औषधं ४, विमा ३. उरली दहा नाणी. तो बराच वेळ त्या दहा नाण्यांकडे बघत बसला आणि मग म्हणाला दिवाळी यातूनच? तोंडाने वर्षभर सांगून जे पोचलं नसतं ते त्या दहा नाण्यांनी पोचवलं, म्हणून सांगते की कागदावर टक्के काढून दाखवू नका, लहान मुलांना नाणी हातात द्या.

दहातून दिवाळी भागत नाही म्हणून ती वर्षभर साठवायची. गेल्या वर्षीचा आकडा ३६ हजार असेल तर महिन्याला ३ हजार, भाऊबीज झाली की पुढच्या महिन्यापासून आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं बँकेचं नाहीतर पोस्टाचं खातं, चालू. आमच्या बिल्डिंगमध्ये भिशी आहे, मी पण आहे त्यात आणि माझा नंबर दिवाळीच्या आधी मागून घेते, पण भिशी दहा-बारा ओळखीच्या बायकांची आहे तोवरच ठीक. दिवाळी फंड म्हणून जे दुकानवाले किंवा एजंट महिन्याला पैसे गोळा करतात नि शेवटी भांडं नाहीतर सोन्याचं नाणं देऊ म्हणतात त्यांच्यापासून लांब राहा. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे अकरा हप्ते गेले, ऐन दसऱ्यात फंडवाल्याच्या दुकानाला कुलूप. त्या रडल्या ते माझ्या लेकीने पाहिलंय, म्हणून बँकेत आणि पोस्टात पैसे ठेवायचे म्हणजे काय हे तिला वेगळं समजवावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मुलांना यादी वाचून दाखवू नका, एक खातं पूर्ण त्यांच्या ताब्यात द्या. खरे पैसे, खरे निर्णय. आमच्याकडे कंदील-पणत्या-रांगोळी-फटाके हे खातं लेकीचं, २,५०० रुपये, आणि किल्ल्याचं खातं धाकट्याचं, ३०० रुपये. नियम दोनच: उरले तर तुमचे, कमी पडले तर वरून मिळणार नाहीत. दुसरा नियम पाळणं आई-बापांना जास्त जड जातं हे आधीच सांगते. पहिल्याच वर्षी धाकट्याने ३०० मधले २४० बॅटरीवर चमकणाऱ्या दिव्यांच्या माळेवर घातले, दुकानात फार छान दिसत होती, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मावळेच नाहीत, शिवाजी महाराज नाहीत, किल्ला रिकामा. रडारड झाली. आजी पर्समधून शंभराची नोट काढायला लागली, मी तिला आत नेऊन विनवलं की आई, या वेळी नको. संध्याकाळपर्यंत फुगून बसला नि मग खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे गेला, त्याच्याकडे मावळे होते पण दिवे नव्हते, दोघांनी मिळून एकच मोठा किल्ला केला, जिन्याखाली, मोहरी माझ्या डब्यातली. पुढच्या वर्षी त्याने आधी मावळे घेतले.

फराळाचं गणित मोठ्या मुलांसाठी उत्तम आहे, यात सगळं येतं. लेकीला सांगितलं चिवडा घरी करायचा की विकत आणायचा तू ठरव. तिने पातळ पोहे, दाणे, डाळं, सुकं खोबरं, थोडे काजू, तेल, सगळ्याची बेरीज केली, ३९० रुपये, आणि चिवडा झाला जवळपास दोन किलो. म्हणजे किलोला १९५. दुकानात तसाच ४२० ला होता. मी म्हटलं बघ अर्ध्याहून कमी, तर ती म्हणाली गॅस धरला नाहीस आणि तुझा वेळ कुठे धरलास? खरंच धरला नव्हता, आयुष्यात कधी नाही. मग आम्ही तिघांनी मिळून चिवड्याला किती वेळ लागतो नि चकल्यांना किती ते लिहिलं, आणि ठरलं की चिवडा आणि शंकरपाळी घरी, सगळ्यांनी हात लावून, चकल्या आणि अनारसे ओळखीच्या महिला बचत गटाकडून. भाजणी भाजणं, दळून आणणं, अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवणं हे ऑफिस करून मला झेपत नाही आणि त्या बायका ते पोटासाठी करतात, त्यांच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करायची नाही हेही वहीत लिहिलंय. दुकानात जाल तेव्हा मुलांना एवढं नक्की शिकवा, छापलेल्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात, नि दोन पाकिटांची तुलना ग्रॅममागे करायची, मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही.

मोठी वस्तू घ्यायची असेल तर ईएमआयचा हिशोब मुलांसमोरच करा. तीन वर्षांपूर्वी आम्ही टीव्ही नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला, सहा हप्ते पाच हजारांचे, तीस हजार, आणि मला खरंच वाटलं की व्याज नाही म्हणजे फुकट. नंतर स्टेटमेंट वाचलं. शून्य टक्क्याच्या योजना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बंद करायला लावल्यात, त्यामुळे व्याज लागतंच, ते फक्त आधी सूट म्हणून किमतीतून वजा करून दाखवतात. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, आमचं व्याज बाराशे-तेराशेच्या घरात होतं म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास जीएसटी, वर प्रोसेसिंग फी आणि फीवर परत जीएसटी. आणि रोख घेतला असता तर दुकानदार दीड हजार कमी करायला तयार होता, ते गेलेच. त्यातून जानेवारीत शाळेच्या फीचा हप्ता आला आणि आम्ही क्रेडिट कार्डावर फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरलं, ते तर अजिबात करू नका. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला कमी वाटतं, वर्षाचे ते ४२ टक्के होतात, वीस हजार थकले तर महिन्याला सातशे नुसतं व्याज. लेकीला मी विचारलं की तुझ्या खात्यावर बँक किती देते, तिने बघितलं आणि गप्प झाली.

धनत्रयोदशीच्या सोन्यासाठी शंभर रुपयांचं उदाहरण घ्या, भाव काहीही असो. शंभराचं सोनं, घडणावळ १२ टक्के धरली तर ११२, त्यावर ३ टक्के जीएसटी, झाले ११५ रुपये ३६ पैसे. विकायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी परत येत नाही. अंगावर घालायला हवं असेल तर दागिना घ्या, आनंदाने घ्या, पण गुंतवणूक म्हणून घेतोय असं मुलांना सांगू नका. दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, मुलांना शोधायला लावा, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की माहिती येते, माझ्या मुलाला हा शोध फार आवडतो.

भाऊबीज आणि पाडव्याला मुलांकडे पैसे जमतात. ते "दे, मी ठेवते" म्हणून काढून घेऊ नका, आपल्या सगळ्यांचे गेलेत तसे. आम्ही तीन पाकिटं करतो, एक आत्ता खर्चायला, एक कशासाठी तरी साठवायला आणि एक लांबचं. किती कशात हे ते ठरवतात, फक्त लांबचं पाकीट रिकामं ठेवायचं नाही. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलांना स्वतःच्या सहीने सेव्हिंग खातं चालवता येतं, मर्यादा बँक ठरवते, पोस्टातही होतं, ५०० रुपयांत उघडतं. लेकीने पोस्टात महिना १०० रुपयांची पाच वर्षांची आरडी काढलीये, आमच्या वेळी दर ६.७ टक्के होता, म्हणजे सहा हजार भरून साधारण ७,१३० मिळतील. मुद्दाम तिला पोस्टात नेलं, स्लिप भरायला लावली.

मोबाईलवर पैसे वापरणारं पोर असेल तर एक वाक्य पाठ करून घ्या, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. दिवाळीत कुरिअर अडकलंय, गिफ्ट लागलंय असे मेसेज भरपूर येतात. फसवणूक झालीच तर ओरडू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, पहिला तास महत्त्वाचा असतो, आणि ओरडाल या भीतीनेच मुलं तो तास लपवण्यात घालवतात.

तुळशीच्या लग्नानंतर वही बंद करायला बसतो. प्रत्येक खात्यापुढे ठरवलेले आणि झालेले, दोन रकाने. मग उरलेल्या सामानाची मोजणी, ती पुढच्या वर्षीच्या पानावर सगळ्यात वर लिहायची म्हणजे डबल खरेदी होत नाही. या वेळी धाकट्याच्या अक्षरात आहे: मावळे १४, तोफा २, दिव्यांची माळ चालू, पणत्या ३१, कंदिलाचा सांगाडा माळ्यावर, रांगोळीचे रंग पाच डबे, लाल संपला.