डिप्रेशनची गोळी चालू असताना बाम, जेल, नाकातले ड्रॉप्स कसे वापरावेत

गेल्या चवथीला आईने माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीच्या, सामानासाठी दोन दिवस बाजार पालथा घातला आणि तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजले. ती एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेते, शिवाय हार्टसाठी अॅस्पिरिन. फार्मसीतून दुखण्याचं जेल आणलं, ते गुडघे, कंबर, खांदे सगळीकडे चोळलं, वर गरम पाण्याची पिशवी, आणि आराम पडेना म्हणून दुखण्याच्या गोळ्याही तीन दिवस घेतल्या, हे आम्हाला कुणाला माहीतच नाही. आठवड्याभरात दंडावर आणि मांडीवर निळेकाळे डाग दिसायला लागले. डॉक्टरांनी शांतपणे एकेक विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. नुसत्या जेलने एवढं सहसा होत नाही म्हणाले, पण अॅस्पिरिन, डिप्रेशनची गोळी, दुखण्याची गोळी आणि वर जेल असं सगळं एकावर एक चढलं.

फार्मसीवाल्याने तिला विचारलं होतं बरं का, की अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत. आई म्हणाली, फक्त हार्टची. तो आमच्याच वाड्यावरचा, त्याच्यासमोर मनाच्या गोळीचं नाव कसं घ्यायचं. आणि जेल म्हणजे काय औषध थोडंच, असंही तिला वाटत होतं. मला तर धोका इथेच दिसतो, एक गोष्ट आपण लपवतो आणि दुसरी मोजतच नाही.

तर पहिलं काम, आपल्या गोळीचं नाव माहीत करून घ्या. ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असतं ते. स्ट्रिप कापून घेतली असेल तर नावाचा भाग बहुतेक वेळा दुकानातच राहतो, म्हणून पुढच्या वेळी अख्खी स्ट्रिप मागा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन हा एक गट. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन दुसरा. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या गोळ्या, त्या कधीकधी झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठीही देतात, त्यामुळे घेणाऱ्याला ती डिप्रेशनची म्हणून माहीतच नसते. फार्मसीत मोठ्याने बोलायला नको वाटत असेल तर नुसता फोटो दाखवा, तेवढं पुरतं.

मग ट्यूब उलटी करून वाचा. जेलमध्ये बहुतेक डायक्लोफेनॅक असतं, बाम आणि स्प्रेमध्ये मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे गंधपुऱ्याचं तेल, मेंथॉल, कापूर, निलगिरी. यातले पहिले दोन लक्षात ठेवा. आपल्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात, त्या कामात त्यांना सेरोटोनिन नावाचं रसायन लागतं, आणि वरच्या पहिल्या दोन गटांच्या गोळ्या प्लेटलेटमधलं सेरोटोनिन कमी करतात. डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरिनच्या जातीची औषधंही प्लेटलेटच्याच मागे लागतात. गोळीच्या मानाने जेलमधलं डायक्लोफेनॅक फारच कमी, साधारण ६ टक्के, रक्तात जातं, म्हणून एखाद्या गुडघ्याला चार दिवस जेल लावायला बहुतेकांना हरकत नसते, घाबरून दुखणं अंगावर काढू नका. पण अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. वॉरफेरिनवाल्यांनी तर गंधपुऱ्याच्या बामबद्दलसुद्धा विचारायचं, रोज भरपूर चोळला तर तोही रक्त जास्त पातळ करू शकतो.

लावायची पद्धत: १ टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल हाताच्या सांध्याला एका वेळी २ ग्रॅम, गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त ४ वेळा, आणि सगळं अंग मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर नाही. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब एका दिवसात संपत असेल तर तुम्ही अगदी टोकाला पोचलात. खरचटलेल्या कातडीवर नको, वर घट्ट पट्टी नको, गरम पाण्याची पिशवी तर नकोच, उष्णतेने औषध जास्त आत जातं आणि कातडी भाजते ते वेगळं. जेल किंवा बाम, एका वेळी एकच. सोबत गोळी लागलीच तर पॅरासिटामॉलबद्दल विचारा, आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

पावसात नाक चोंदतं तेव्हाचे ड्रॉप्स कुणी यात धरत नाही. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन रक्तवाहिन्या आवळतात, अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्यांसोबत बीपी चढू शकतं, आणि व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन मुळातच बीपी थोडं वाढवतात. अशांनी मिठाच्या पाण्याचे ड्रॉप्स वापरावेत.

या गोळ्यांनी काहींना घाम खूप येतो, त्यात आपली गोव्याची दमट हवा, जांघेत गजकर्ण ठरलेलं. नुसती क्लोट्रिमॅझोलची क्रीम चालते. स्टेरॉइड मिसळलेली क्रीम मागू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण दुप्पट पसरतं. खाजेला कॅलामाइन चांगलं, भेगांना कोकमाचं तेल आहेच.

अंग दुखलं की घरात फेणी चोळतात, आमची आजीही चोळायची. थोडी चोळायला हरकत नाही, पण त्यातलाच एक घोट पोटात जातो तो नको, गोळीसोबत दारूने गुंगी वाढते.

लक्ष कशावर ठेवायचं? उगाच उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, न थांबणारा घोळणा, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर. डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर १०८ला फोन. अंग थरथरणं, ताप, धडधड, जुलाब, खूप बेचैनी असं एकदम सुरू झालं तरीही १०८. हे बामने होत नाही, पण डिप्रेशनच्या गोळीवर सर्दीला बामसोबत घेतलेल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या खोकल्याच्या औषधाने किंवा ट्रामाडॉल या दुखण्याच्या गोळीने होऊ शकतं, म्हणून त्या बाटलीचंही लेबल वाचा.

आणि डाग दिसले म्हणून मनाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कृपा करून. एकदम थांबवली की चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, झोप उडणं, आणि जुना त्रास परत. थांबवायचं ते जेल, गोळीचं डॉक्टर ठरवतील. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर बांबोळीला मानसोपचार इस्पितळ आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आई आता प्रत्येक ट्यूबवर बॉलपेनने उघडल्याची तारीख लिहिते, आणि फार्मसीत गेली की पिशवीतून अख्खी स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवते, बोलत काही नाही, तो वाचतो.