जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर: आधी प्रायमरी ओळखा, मग मेन्स द्या

व्हॉल्व्ह रेडिओच्या सांगाड्यातून ट्रान्सफॉर्मर काढताना तारा कापू नका, सोल्डरचे डाग सोडवा. आधी फोटो काढा.

फोटो नसेल तर प्रायमरी, म्हणजे ज्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) मेन्स, म्हणजे घरातली २३० व्होल्ट वीज, जोडायची ते, ‘तारांच्या रंगावरून ओळखा’ हा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. साठ वर्षांत सुती वेष्टणाचे सगळे रंग चहाच्या फडक्यासारखे होतात. मी रंगावर विसंबून एचटीच्या (हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्ट देणाऱ्या) अर्ध्या वाइंडिंगला मेन्स दिलं होतं. आणि ते चाललं, हीच खरी पंचाईत! एचटी २५०-०-२५० ची, म्हणजे मधल्या टोकापासून प्रत्येक अर्धा भाग २५० व्होल्टचा, त्यामुळे हीटरला (व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी ५.८ व्होल्ट मिळाले आणि व्हॉल्व्ह पेटले. म्हटलं, जुना माल, कमी देणारच. वीस मिनिटांत वार्निशचा वास सुटला. केसासारख्या तारेतून मी सगळा भार ओढत होतो, आणि खऱ्या प्रायमरीची टोकं दोनशेच्या वर व्होल्ट घेऊन टेबलावर उघडी पडली होती.

म्हणून मल्टिमीटरने ओहम मोजा. हीटरचं वाइंडिंग एक ओहमच्या आत, प्रायमरी साधारण दहा ते शंभर ओहमच्या दरम्यान, एचटी शेकड्यांत. एचटीचे दोन्ही भाग जवळपास सारखे. बाहेरच्या भागाची तार लांब, म्हणून तो थोडा जास्त दाखवतो. प्रायमरीचे टॅप (वेगवेगळ्या मेन्स व्होल्टसाठी मधूनच काढलेली टोकं) मात्र विषम असतात: आधी मोठा आकडा, मग दोन-चार ओहमच्या पायऱ्या. प्रोबची टोकं बोटांनी धरू नका. उचलताना झटका बसतो. कशालाच न जोडलेली एकटी तार बहुतेक शील्डची (वाइंडिंगांमधल्या धातूच्या पडद्याची), ती अर्थला.

तरी अजून मेन्स नाही. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी प्रायमरीच्या ज्या दोन टोकांमध्ये सगळ्यात जास्त ओहम येतात त्यांना द्या. हीटरवर साधारण ०.३३ आणि एचटीच्या प्रत्येक भागावर १३ व्होल्ट आले, तर ओळख बरोबर. मेन्सही याच टोकांना द्यायचं. २०० च्या टॅपवर २३० दिलंत तर हीटरला सव्वासात व्होल्ट जातील आणि कोअर तापेल.

मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) ५०० व्होल्टला वाइंडिंग-वाइंडिंगमध्ये किंवा पत्र्याशी पाच मेगओहमही येत नसतील तर मी तो ट्रान्सफॉर्मर वापरत नाही.

मग सेकंडरी (प्रायमरी सोडून बाकीची वाइंडिंग) मोकळ्या ठेवून, ६० वॉटचा तारेचा बल्ब सीरिजमध्ये लावून मेन्स द्या. बल्ब क्षणभर उजळून मंदावला पाहिजे. एलईडी चालणार नाही. बल्ब काढल्यावर प्रायमरीला फ्यूज हवाच.

एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हऐवजी डायोड लावणार असाल तर कंडेन्सर ४५० व्होल्टचेच घ्या. बाकीचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत भार नसतो, आणि साडेतीनशेच्या वर व्होल्ट लगेच चढतात.