जुना डिजिटल मल्टिमीटर दुरुस्त करताय? या चुका टाळा

मीटर चुकीचं दाखवतोय म्हटलं की दहातले आठ जण तोच उद्योग करतात. मागचं झाकण उघडायचं, आत निळा किंवा पांढरा प्रीसेट (स्क्रूने फिरणारा छोटा बदलता रेझिस्टर) शोधायचा आणि समोरचा आकडा मनासारखा येईपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर फिरवायचा. दोन मिनिटांच्या व्हिडिओत हेच दाखवलेलं असतं, त्यामुळे नवशिक्यांना वाटतं की यालाच दुरुस्ती म्हणतात. बिघाड आत तसाच राहतो आणि जे बरोबर होतं तेही बिघडतं.

प्रीसेट नेमकं काय करतो, हे आधी समजून घ्या. या पिढीतले बहुतेक साडेतीन अंकी, म्हणजे १९९९ पर्यंत दाखवणारे मीटर आयसीएल ७१०६ या आयसीवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. चाळीस पायांची आयसी दिसली तर उत्तम. डीटी-८३० सारख्या मीटरात तीच काळ्या डांबरी थेंबाखाली लपलेली असते. आयसी आत आलेल्या व्होल्टेजला रेफरन्सने (तुलनेसाठी ठरवलेल्या व्होल्टेजने) भागते आणि हजाराने गुणून दाखवते. २०० मिलिव्होल्टच्या रेंजसाठी रेफरन्स १००.० मिलिव्होल्ट लागतो, आणि प्रीसेट फक्त तेवढाच ठरवतो. ओहम मोजताना मात्र अनोळखी रेझिस्टर आणि मीटरमधला ठरावीक रेझिस्टर एका रांगेत जोडले जातात आणि दोघांवरच्या व्होल्टेजचं गुणोत्तर घेतलं जातं. तिथे प्रीसेटचा काही संबंध नाही.

म्हणून क्रम असा: आधी ओहम तपासा. १०० ओहम, १ के, १० के, १०० के आणि १ मेग असे एक टक्क्याचे पाच मेटल फिल्म रेझिस्टर डबीत कायम ठेवा. सगळ्या रेंजवर ओहम बरोबर पण डीसी व्होल्ट सगळीकडे सारख्याच टक्क्याने चुकतात, तर दोष रेफरन्सचा. एखादीच रेंज चुकते, तर दोष रेझिस्टरच्या साखळीचा किंवा स्विचचा. दोन्हीकडे सगळंच भरकटलंय, तर आयसी किंवा तिच्या भोवतीचे कॅपॅसिटर.

रावेरकडच्या एका मोटार रिवायंडिंगवाल्याच्या मीटरचं उदाहरण घ्या. केळीच्या मळ्यातल्या स्टार्टरवर मीटर ओहमच्या रेंजवर असतानाच कुणीतरी प्रोब जिवंत तारेला लावले. मीटर मेला नाही, पण त्यानंतर घरची लाइन २४८ दाखवू लागला. दुकानातल्या पोराने प्रीसेट फिरवून २३० आणले, मीटर परत गेला. पुढे त्याच मीटरने ट्रॅक्टरची बॅटरी मोजली तर ११.६८. रिवायंडिंगवाल्या भाऊंनी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही ११.७ च्या आसपासच!

झालं होतं ते असं. डीटी-८३० जातीच्या मीटरात व्होल्टेज विभागणारी साखळी एकूण १ मेगओहमची असते: १०० ओहम, ९०० ओहम, ९ के, ९० के आणि वर ९०० के. (ते ९०० के बहुधा ५४८ के आणि ३५२ के असे दोन तुकड्यांत असतात. एसी डायोडमधून मधल्या जोडावर येते आणि अर्ध्या लहरीची सरासरी तिथेच आरएमएसला, म्हणजे एसीच्या परिणामी व्होल्टेजला, जुळवली जाते.) हेच रेझिस्टर ओहमच्या रेंजवर मापाचे रेझिस्टर म्हणून काम करतात. सर्वांत मोठ्या व्होल्ट रेंजवर फक्त तळाचा १०० ओहम मोजला जातो, आणि २०० ओहमच्या रेंजवरही तोच. तो भाजून १०८ झाला होता. त्यामुळे लाइन ८ टक्के जास्त, तर १०० ओहमचा चांगला रेझिस्टर ९२.६. एक वर, एक खाली. २०० व्होल्टच्या रेंजवर चूक ०.८ टक्का आणि २ के रेंजवर १ केचा रेझिस्टर ९९२. त्याच्या पुढे जवळजवळ काहीच नाही. प्रीसेट फिरवल्यावर २० व्होल्टची जी रेंज ठीक होती, तीच सुमारे साडेसात टक्के खाली गेली. दोन रेंज ताडून पाहिल्या असत्या तर काही रुपयांच्या रेझिस्टरवर काम भागलं असतं.

बदलताना पाच टक्क्याचा सोनेरी पट्टीवाला रेझिस्टर टाकू नका. मूळचे बहुधा अर्ध्या टक्क्याचे असतात. एक टक्क्याचे दहा घ्या, चांगल्या मीटरवर मोजा आणि ९९.८ ते १००.२ मधला निवडा. मग अर्धा तास मीटर चालू ठेवा आणि प्रीसेटला त्यानंतरच हात लावा. तेव्हाही लाइनचं व्होल्टेज प्रमाण मानू नका. गावाकडे ते सकाळी एक आणि रात्री पंप सुरू झाले की दुसरंच असतं. एडी५८४ चा (अचूक व्होल्टेज देणाऱ्या आयसीचा) रेफरन्स बोर्ड किंवा भरवशाचा दुसरा मीटर घ्या. चाळीस पायांची आयसी असेल तर ३६ आणि ३५ या पायांमध्ये १००.० मिलिव्होल्ट मोजा.

सेल न बदलता मीटर उघडणे ही चूक तर रोजचीच. ७१०६ मध्ये रेफरन्स आतल्याच झेनरवरून (व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या डायोडवरून) तयार होतो आणि पुरवठा साधारण ७ व्होल्टच्या खाली गेला की तो घसरू लागतो. भागणारा आकडा लहान झाला की उत्तर मोठं येतं, म्हणजे उतरलेल्या सेलवर मीटर जास्त दाखवतो. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या खुणेवर विसंबू नका.

आणखी एक घोळ म्हणजे कॉमनला बॅटरीचा मायनस समजणे. काळ्या प्रोबचं टोक ३२ नंबरच्या पायाशी, म्हणजे कॉमनशी जोडलेलं असतं. कॉमन हा बॅटरीच्या प्लसपासून साधारण २.८ व्होल्ट खाली असतो, बॅटरीच्या मायनसशी नाही. रेफरन्स शोधताना दुसऱ्या मीटरचा काळा प्रोब मायनसला लावला की भलतेच आकडे येतात आणि माणूस चांगली आयसी उपटायला बसतो. सेलचा खर्च वाचवायला ज्या सप्लायवर सर्किट चालतंय त्यावरच मीटरही चालवणारे याच खड्ड्यात पडतात. तिथे कॉमन आणि मायनस बाहेरून जोडले जातात आणि रेफरन्स बिघडून भलतंच वाचन येतं.

रोटरी स्विचबद्दल मात्र राग आवरत नाही. पॉलिश पेपर, पेट्रोल, गंज सोडवायचा स्प्रे, जे हाताला लागेल ते तिथे वापरलं जातं. पॉलिश पेपरने पट्ट्यांवरचा पातळ मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पट्टी काळी पडते. स्प्रेचं तेल तर आणखी वाईट. जिनिंगच्या दिवसांत जळगाव-धुळ्याकडे हवेत कापसाची रुईच तरंगत असते. ती तेलात बसते आणि ओलसर हवेत मेगओहमच्या रेंजवर गळती सुरू होते. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कानकाडी आणि पांढरं खोडरबर एवढंच पुरतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्विच काढण्याआधी मार्करने खूण करा, नाहीतर बसवताना तो उलटा बसतो. खाली ताटली ठेवा, कारण स्प्रिंगवरच्या बारीक गोळ्या उडाल्या की सापडत नाहीत. संपर्काच्या पत्र्या चपट्या झाल्या असतील तर चिमट्याने केसभर उचला, जास्त नाही.

डिस्प्लेवरचे अर्धवट आकडे हा बहुतेक वेळा काच आणि बोर्ड यांच्यामधल्या रबरी पट्टीचा दोष असतो. पट्टीची कडा बोटाने धरू नका. पट्टी आणि बोर्डावरच्या रेघा आयपीएने पुसा, सुकू द्या आणि स्क्रू सारखे आवळा. चाळीस पायांच्या आयसीत ३७ नंबरचा पाय क्षणभर पहिल्या पायाला टेकवला की १८८८ उमटतं, म्हणजे आकड्यांचा कुठला तुकडा गायब आहे ते दिसतं. तसं धरून ठेवू नका; स्थिर डीसीने काच खराब होते.

इंटिग्रेटरचा, म्हणजे आयसी ज्याच्यात चार्ज साठवून माप घेते तो, ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पॉलिप्रोपिलीनचाच हवा. सिरॅमिक डिस्क बसवली तर मीटर चालतो, पण खोटं बोलतो. तोच सेल सरळ आणि उलटा मोजा. एक-दोन अंकांपेक्षा जास्त फरक पडला तर संशय तिथेच.

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी घालू नका, विशेषतः ४१५ व्होल्टच्या स्टार्टरवर. १० अँपिअरच्या सॉकेटात प्रोब विसरून व्होल्ट मोजू नका. तिथे स्वस्त मीटरांत फ्यूजच नसतो आणि शंट (करंट मोजायचा जाड तारेचा रेझिस्टर) ०.०१ ओहमचा म्हणजे सरळ शॉर्ट. त्या शंटच्या जाड तारेला सोल्डर फासू नका, लांबी बदलली की माप बदलतं. एसीच्या रेंजवर १२.६ व्होल्टची बॅटरी लावून साडेसव्वीस आले, प्रोब उलटे केल्यावर शून्य आलं, तर तो बिघाड नाही. आत एकच डायोड आहे.

शेवटी प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब. पण तो डिसेंबरच्या पहाटे जुळवून मे महिन्यात भुसावळच्या दुपारी पुन्हा फिरवायला बसू नका. आतला रेफरन्स दर अंशाला साधारण ८० पीपीएम (दहा लाखांत ८० भाग) सरकतो. २५ अंशांच्या फरकाला ०.२ टक्का, म्हणजे १९०० च्या वाचनात जेमतेम चार आकडे. तेवढं चालतं.