नाशिकहून हर्णैला: डॉल्फिन आणि सुवर्णदुर्ग, एका दिवसात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. नाशिकहून रात्रभर प्रवास करून थेट होडीत चढलात तर उलटी ठरलेलीच. आदल्या संध्याकाळी हर्णैजवळचं दापोली गाठा, झोपा.

दिवस ठरवताना कालनिर्णय उघडा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा समुद्र त्यामानाने शांत.

डॉल्फिनसाठी सकाळी सातला निघा. वारा चढला की लाटांच्या फेसात पाठीचा पंख ओळखू येत नाही. कळप दिसला की इंजिन मंद करायला सांगा, मागे धावायला नको. पाठलाग झाला की ते बुडी मारून लांब निघतात. देवमाशाची मात्र आशा धरू नका, तो खोल पाण्यातला.

मग सुवर्णदुर्ग, हर्णैसमोरचा समुद्रातला किल्ला. धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून पट्ट्याच्या सँडल घाला. स्लिपर वाहून जाते. दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तीच त्याची खुबी. पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघायला विसरू नका. माणशी दोन लिटर पाणी सोबत ठेवा आणि परतीची वेळ नावाड्याशी उतरण्याआधीच पक्की करा. लाइफ जॅकेटचे पट्टे छातीशी घट्ट हवेत, सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं.