ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर सारखा वाजतो तेव्हा
मिरामार, कळंगुटच्या ओल्या वाळूवर डिटेक्टर सतत किंचाळला की तो बिघडलाच असं धरू नका. आधी मोबाईल बंद करून कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधचकती) हवेत कमरेएवढी उंच, स्थिर धरा. तिथे शांत असेल, तर खाऱ्या पाण्याची वीजवाहकता छळतेय: सेन्सिटिव्हिटी कमी करा, बीच मोड लावा. जांभ्या मातीत लोहाचा त्रास वेगळा. कॉइल 5 ते 30 सेंमी वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा (म्हणजे मातीचाच सिग्नल यंत्राला दुर्लक्षायला लावा), तेही जमिनीत धातू नसलेल्या जागी. हवेतही वाजतोय? मग केबल हलवून पाहा. ती दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, सैल लोंबली की खोटे आवाज येतात. बॅटरीही बदलून बघा. कनेक्टरवरचं मीठ मात्र रोज पुसाच.