घरी चालतं, काट्यावर अडतं: पायथनमधल्या असिंक फाइल-एरर कशा शोधायच्या

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की आमच्या गावाजवळच्या जिनिंगच्या काट्यावर ट्रॅक्टर आणि बंड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीची काटापावती सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) उतरवणारा एक पायथन प्रोग्राम मी तिथे असिंक पद्धतीने, म्हणजे एक काम थांबलं तरी दुसरं चालू राहील असा, लिहून दिला. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, काट्यावर विंडोज. घरी सुरळीत चाललेला प्रोग्राम तिथे अडला. शेतकऱ्याची पावती हरवली तर त्याच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब हरवतो, म्हणून ही तपासणी घाई न करता करा.

सगळ्यात आधी असिंक बाजूला काढा. तीच ओळ साध्या ओपन आणि राइटने, त्याच फोल्डरमध्ये लिहून पाहा. तरीही एरर आली किंवा फाइल रिकामी राहिली तर दोष फाइलचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा. दोन्ही झालं नाही, तर असिंककडे वळा.

माझा दोष पहिल्या प्रकारातला निघाला. फाइलच्या नावात मी वेळ टाकली होती, ‘काटा-10:30’ अशी. लिनक्सला विसर्गचिन्हासारखी ही दोन टिंबं चालतात. विंडोजने एररही दिली नाही. फोल्डरमध्ये ‘काटा-10’ नावाची फाइल दिसत होती, आकार 0 केबी. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत त्या टिंबांनंतरचा भाग फाइलच्या आतला लपलेला प्रवाह समजला जातो आणि मजकूर तिथे जाऊन बसतो. सेकंदही टाकले, म्हणजे टिंबं दोनदा आली, की मात्र एररनो (एररचा क्रमांक) 22 येते. वेळ 10-30 अशी लिहा.

परमिशन एरर, एररनो 13 आली तर ती फाइल कोणी एक्सेलमध्ये उघडून ठेवली आहे का ते बघा. विंडोज अशी फाइल लिहू देत नाही, लिनक्स सहसा देतं. ‘चारमॅप’ शब्द असलेली युनिकोड एरर आली तर फाइलमध्ये लिहायची देवनागरी अक्षरं अडली आहेत. ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 स्पष्ट द्या; एक्सेलमध्ये उघडायची असेल तर यूटीएफ-8-सिग. सीएसव्हीत एकाआड एक रिकाम्या ओळी येत असतील तर न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या.

आता असिंकची बाजू. पायथनच्या असिंकआयओ या असिंक लायब्ररीकडे फाइलसाठी स्वतःची असिंक सोय नाही. एआयओफाइल्स ही लायब्ररी काय किंवा असिंकआयओमधलं पायथन 3.9 पासूनचं टू-थ्रेड फंक्शन काय, काम शेवटी थ्रेडच (प्रोग्राममधला समांतर चालणारा धागा) करतो. असिंकआयओच्या रन फंक्शनमध्ये डीबग चालू करा आणि इशारे वाचा. फाइल रिकामी आणि ‘नेव्हर अवेटेड’ दिसलं, तर राइटच्या आधी अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लिहायचा राहून गेला आहे. टास्क, म्हणजे असिंकला सोपवलेलं काम, तयार करून तुम्ही त्यासाठी थांबला नाहीत, तर मुख्य फंक्शन संपताच रन उरलेले टास्क रद्द करतो. सगळे टास्क एकत्र गोळा करणाऱ्या गॅदरवर अवेट लावा.

दोन टास्क एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर ओळी एकमेकींत घुसू शकतात. लॉक (एका वेळी एकालाच लिहू देणारं कुलूप) चालतो, पण माझ्या मते एक क्यू (ओळींची रांग) आणि लिहिणारा एकच टास्क हेच बरं. दोन वेगळे प्रोग्राम लिहीत असतील तर असिंकआयओचा लॉक उपयोगाचा नाही. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही एररनो 24 मॅकवर लवकर भेटते, कारण तिथे टर्मिनलची नेहमीची मर्यादा 256 आहे, लिनक्सवर बहुधा 1024. एका वेळी किती कामं चालतील याला मर्यादा घालणाऱ्या सेमाफोरने एका वेळी 50 फाइलच उघडा.

आणि लाइट. आमच्याकडे ती कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धी लिहिलेली फाइल सगळ्यात वाईट. दिवसाची यादी आधी त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, फ्लश आणि एफसिंक करून मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा, मग ओएसच्या रिप्लेसने जुन्या फाइलच्या जागी ठेवा. विंडोजवर जुनी फाइल उघडी असेल तर रिप्लेसही अडतो. तेव्हा थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करणारी ओळ हवीच.

दुरुस्ती झाली की काट्याच्याच संगणकावर, एक्सेल मुद्दाम उघडं ठेवून, 100 खोट्या पावत्या एकदम टाका. मग एक्सेल बंद करा, पुन्हा प्रयत्न पूर्ण होऊ द्या आणि फाइलमधल्या ओळी मोजा.