इलेक्ट्रोडवरचं प्रोटीनरोधक कोटिंग: या चुका टाळा

सोलापुरात एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलांबरोबर इलेक्ट्रोडवर काम करताना दरवर्षी तेच बघते. कोटिंग चांगलं जमलेलं असतं आणि चाचणीत घात होतो. नाहीतर चाचणीच इतकी सोपी घेतलेली असते की कुठलंही कोटिंग पास व्हावं.

मेंदूत बसवायचा इलेक्ट्रोड असो की त्वचेखालचा ग्लुकोज सेन्सर, शरीरात जाताच काही सेकंदांत त्यावर प्रथिनं बसू लागतात. मग त्या थरावर पेशी येतात, भोवती तंतूंचं वेष्टण तयार होतं आणि सिग्नल क्षीण होतो. हे रोखायला पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) किंवा झ्विटरआयनिक, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही भार असलेल्या, पॉलिमरचं कोटिंग देतात. हे पॉलिमर पाणी इतकं घट्ट धरून ठेवतात की प्रथिनाला टेकायला जागा मिळत नाही.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नमुना प्रोटीनच्या द्रावणातून चिमट्याने सरळ वर उचलणं. द्रावणाच्या पृष्ठभागावर, हवा लागते तिथे, प्रथिनं उलगडून त्यांचा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. नमुना त्यातून वर आला की हा पापुद्रा त्याला चिकटून येतो आणि दोष कोटिंगच्या माथी बसतो.

आमच्या एका विद्यार्थिनीचं सल्फोबीटाइन या झ्विटरआयनिक पॉलिमरचं कोटिंग असंच बदनाम झालं होतं. फ्लोरेसंट लेबल लावलेलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवण्यातलं प्रथिन) वापरलं की प्रत्येक वेळी चमकणारे चट्टे. तिने मोनोमरची बाटली बदलली, पृष्ठभागाला प्लाझ्माची (आयनित वायूची) प्रक्रिया द्यायची वेळ बदलली, पाणीही बदलून पाहिलं. अख्खं सत्र त्यात गेलं, पोरगी रडकुंडीला आली. शेवटी मी शेजारी उभी राहून तिचं काम नुसतं पाहिलं. धुण्याची पायरी आली, तिने चिमटा घातला आणि नमुना झटकन वर. चट्टेही पाण्यातून शेवटी सुटणाऱ्या कडेलाच दाट होते! त्याच कोटिंगचे नमुने नीट धुतल्यावर चट्टे गेले.

माझी पद्धत अशी: नमुना आधी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवायचा, मग त्यात प्रोटीनचं घट्ट द्रावण मिसळायचं. वेळ झाली की नमुन्याला हात न लावता बीकरमध्ये कडेने बफर सोडत राहायचं आणि वरचं वाहू द्यायचं. आतलं द्रावण पुन्हा पुन्हा बदललं गेल्यावरच नमुना बाहेर काढायचा. याला वेळ लागतो, बफरही भरपूर जातो. ज्यांना घाई आहे त्यांनी हा विषयच घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

दुसरी चूक: चाचणीला फक्त बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), तेही तासभर. अल्ब्युमिन तर आपण पृष्ठभाग ब्लॉक करायलाच वापरतो, त्याला रोखलं म्हणजे काय मोठं सिद्ध झालं? रक्तात पृष्ठभागावर आधी पोचलेली लहान, मुबलक प्रथिनं पुढे फायब्रिनोजेनसारख्या घट्ट चिकटणाऱ्या मोठ्या प्रथिनांकडून हटवली जातात. याला व्रोमन परिणाम म्हणतात. म्हणून फायब्रिनोजेन हवंच, पूर्ण सीरमही हवं, आणि मुदत निदान काही दिवसांची.

जाड कोटिंग म्हणजे चांगलं कोटिंग, ही समजूत सोडा. हा इलेक्ट्रोड आहे, त्यातून चार्ज जायला हवा. मी कोटिंगआधी आणि नंतर, दोन्ही वेळा इम्पीडन्स (प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) घेते. १ किलोहर्ट्झला तो फार वाढला, तर प्रोटीनचे आकडे कितीही सुंदर असले तरी नमुना बाद. नंतर विजेचे पल्स देऊन पुन्हा मोजते. सोन्यावर थायॉलने (गंधकाच्या गटाने) बांधलेला थर शांत बसलेला असतो तोवर छान दिसतो, पण विद्युतदाब पुरेसा वरखाली झाला की बंध सुटतात. पल्स न देता ‘स्टिम्युलेशनसाठी योग्य’ असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही भान ठेवा. पेपरमधलं ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे साधारण २५ अंश. मे महिन्यात सोलापुरात पारा ४० च्या वर असतो. पॉलिडोपामाइनसाठी (कोटिंगखाली देतात तो चिकट थर) ट्रिस नावाचा बफर ८.५ पीएचला लावतात, पण ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना बनवलेला बफर ४० ला ८.१ च्या आसपास येतो. वर उष्णतेने अभिक्रियेचा वेगही बदलतो. मी हे काम एसीच्या खोलीत करते आणि पीएच त्याच तापमानाला लावते.

पॉलिडोपामाइन स्वतः प्रथिनं धरतं, म्हणून वरचा थर फाटका राहू देऊ नका.

धातू नीट साफ न करता कोटिंग करू नका, आणि साफ केल्यावर तो डबीत ठेवून जेवायला जाऊ नका. हवेतली घाण लगेच बसते.

निर्जंतुकीकरण शेवटी बघू, असंही नको. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून नमुना काढा आणि मग सगळ्या चाचण्या पुन्हा घ्या. ऑटोक्लेव्ह सोसत नसेल तर इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून तपासा, पण बेत ठरवतानाच.